१९७१ : ढाका घ्यायचं ठरलं होतं की जाता जाता ठरलं?

नकाशावेडा (दादर), रात्री १०.४०

मंडळी, गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना एक वाद निघाला. एकजण ठामपणे म्हणाला की ७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात आपलं सगळं पहिल्या दिवसापासून ठरलेलं, पूर्व पाकिस्तानची (म्हणजे आजच्या बांगलादेशाची) राजधानी ढाका घ्यायचं, पटकन घ्यायचं, आणि तसंच झालं. दुसरा म्हणाला छे, ढाका प्लॅनमध्ये नव्हतंच, नशिबाने हाती लागलं. मी तेव्हा गप्प बसलो, पण विषय डोक्यातून जाईना. मग घरी जुना नकाशा जमिनीवर पसरला आणि तीन रात्री त्याच्यावर बसलोय. जे उमगलं ते लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्व पाकिस्तानच्या तिन्ही बाजूंना आपण, चौथ्या बाजूला समुद्र (आग्नेयेला थोडीशी ब्रह्मदेशाची हद्द). ऐकायला सोपं वाटतं, की चारी बाजूंनी घुसायचं आणि आवळायचं. पण आत पद्मा, जमुना आणि मेघना या नद्या देशाचे चार तुकडे करतात (ही जमुना म्हणजे आपली ब्रह्मपुत्रच, तिकडे गेल्यावर नाव बदलते). नद्या म्हणजे काय तर आपल्या उल्हास-वैतरणा डोळ्यासमोर आणू नका, काही ठिकाणी पलीकडचा काठ दिसत नाही. आणि ढाका बसलंय बरोबर मधल्या तुकड्यात, पश्चिमेकडून यायचं तर पद्मा नाहीतर जमुना आडवी, पूर्वेकडून यायचं तर मेघना आडवी.

एकच बाजू त्यातल्या त्यात मोकळी, उत्तर. मेघालयाच्या डोंगरातून खाली उतरायचं, कमालपूर, जामालपूर, टांगाइल आणि मग ढाका. त्या वाटेवर मोठं पाणी एकच, जामालपूरपाशी जुनी ब्रह्मपुत्र, आणि ती हिवाळ्यात आटोक्यात असते.

आता गंमत नाही, खरोखर विचार करायची गोष्ट बघा. आपली सर्वांत मोठी ताकद कुठे होती? पश्चिमेकडून जनरल रैना यांची दुसरी कोअर (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज) जेसोर-खुलनाच्या दिशेने. वायव्येला जनरल थापन यांची ३३ वी कोअर हिली-बोगरा-रंगपूरच्या बाजूला. पूर्वेला त्रिपुरातून जनरल सगतसिंग यांची चौथी कोअर. आणि उत्तरेला, जिथून ढाक्याची वाट सर्वांत सरळ, तिथे १०१ कम्युनिकेशन झोन. हे मुळात लढायचं हेडक्वार्टर नव्हेच, रसद-रस्ते-साठे बघायचं ऑफिस, त्याच्या हाताखाली लढायला थोडंसं सैन्य दिलेलं. ढाका पहिल्यापासून नेम धरलेलं लक्ष्य असतं तर सर्वांत सरळ वाटेवर सर्वांत हलकी फौज कोणी ठेवली असती?

म्हणून मला वाटतं ढाका कागदावर ठळक नव्हतं. आपल्या लष्कराच्या पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ जनरल जेकब यांनी नंतर लिहिलंय की दिल्लीहून आलेल्या आदेशात मुख्य लक्ष्यं खुलना आणि चितगाव ही बंदरं होती, ढाक्याचा उल्लेख नव्हता, आणि त्यावरून त्यांचा लष्करप्रमुख माणेकशॉंशी वाद झाला. बंदरं घेतली की समुद्रातून येणारी कुमक बंद, जास्तीत जास्त जमीन हातात, तिथे बांगलादेशाचं सरकार बसवायचं, असा तो हिशेब.

माझा मुद्दा पुढेच आहे. पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख जनरल नियाझी यांनीही आपला हाच हिशेब ओळखला होता. भारत एखादा तुकडा तोडून घेईल आणि तिथे बांगलादेशाचं सरकार उभं करेल, याचीच त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी सैन्य सीमेवर पसरलं आणि जेसोर, झेनइदा, बोगरा, रंगपूर, जामालपूर, मैमनसिंग, सिलहट, भैरब बाजार, कुमिल्ला, चितगाव ही गावं बालेकिल्ल्यांसारखी तटबंद केली, एक इंच सोडायचा नाही म्हणून. तुकडा तोडणाऱ्या शत्रूसाठी ही रचना चांगलीच होती. पण बालेकिल्ल्याला हात न लावता शेजारून पुढे निघून जाणारा शत्रू आला तर मागे ढाक्यात राखीव असं फारसं काहीच उरलं नव्हतं.

म्हणजे ढाका प्लॅनमध्ये ठळक नसणं हेच उलट आपल्या पथ्यावर पडलं का? की सीमेवरच्या अधिकाऱ्यांनी वेळेवर प्लॅन मोडला म्हणून जमलं? मला यातली दुसरी शक्यता खरी वाटते. तुम्ही बोला.

जुना_गिरगावकर, रात्री ११.१५

धागा छान. मी तेव्हा नऊ वर्षांचा. ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर असे तळ बडवले आणि मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या. आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, भोंगा वाजला की सगळे तळमजल्याच्या जिन्याखाली. आई स्टोव्हची ज्योतसुद्धा टॉवेल आडवा धरून लावायची.

पण मला तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिलेली दिसते, ती म्हणजे वेळ. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, निर्वासितांचे लोंढे यायला लागले, शेवटी आकडा एक कोटीच्या घरात गेला. लोक विचारत होते की लगेच का जात नाही. एप्रिलमध्ये माणेकशॉंनी नकार दिला हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे, तो त्यांनी स्वतःच पुढे भाषणांत सांगितला, काही इतिहासकारांना तो तसाच्या तसा पटत नाही ते सोडा. पण कारणं खरी होती. पावसाळ्यात त्या नद्या समुद्र होतात, शेतातून बूटसुद्धा निघत नाही, रणगाडा काय चालणार. आणि उन्हाळ्यात हिमालयाच्या खिंडी उघड्या, चीनने काही केलं तर डोंगरी डिव्हिजन तिथून हलवता येणार नाहीत. डिसेंबरात खिंडीत बर्फ, शेतं कोरडी, नद्या उतरलेल्या. मधल्या काळात ९ ऑगस्टला सोव्हिएत युनियनशी करार करून घेतला. माझ्या मते मोहीम निम्मी जिंकली ती या आठ महिन्यांत, पलटणी कुठे होत्या तो भाग नंतरचा.

डॉकयार्डवाला, रात्री ११.५०

गिरगावकर काका, +१. मी नेव्हीत नव्हतो पण माझी सगळी नोकरी लायन गेटच्या आत, नेव्हीच्या गोदीत गेली, त्यामुळे बंदरांबद्दल बोलतो.

खुलना-चितगाव घ्यायचा आग्रह मला सुरुवातीपासून पटत नाही. बंदर ताब्यात घ्यायचं कारण काय, तर समुद्रातून कुमक येऊ नये. पण ते काम आरमाराने करूनच टाकलं होतं. आपली विमानवाहू विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, ४ डिसेंबरपासून तिची सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर जात होती. विक्रांतला शोधत आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमच्या बाहेर तळाला गेली. मग बंदर जमिनीवरून नाही घेतलं तरी त्याचा शत्रूला उपयोग शून्य. दार बाहेरून कडी लावून बंद केलंय, तर कुलपासाठी पलटणी कशाला अडकवायच्या?

आणि आपल्या मुंबईच्या बाजूचं सांगतो कारण तेही सीमेपलीकडे जाऊन केलेलं काम आहे आणि त्यातली युक्ती लोकांना माहीत नसते. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाइल बोटी. या ओसा बोटी रशियाने बनवल्या होत्या स्वतःच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी. छोट्या, वेगवान, पण पल्ला कमी, लांब जाऊन परत येण्याइतकं इंधन पोटात नाही. तर आपण काय केलं, मोठ्या जहाजांनी त्यांना ओढत नेण्याचा सराव केला, म्हणजे इंधन वाचवायचं आणि शेवटचा टप्पा स्वतःच्या जोरावर मारायचा. राखणीसाठी बनलेलं हत्यार चढाईला वापरलं. त्या रात्री पाकिस्तानची खैबर आणि मुहाफिज ही जहाजं बुडाली. ८ तारखेच्या रात्री विनाश ही मिसाइल बोट कराचीवर गेली आणि तिथल्या किमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. नौदलप्रमुख ऍडमिरल नंदांचं बालपण कराची बंदरातच गेलेलं, त्यांना ते पाणी अंगणासारखं माहीत.

दुसऱ्याच रात्री, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली खुकरी युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. कराचीबद्दल लिहून खुकरी लिहिली नाही तर मला झोप लागणार नाही म्हणून लिहिलं.

पावसाळी_ढग, सकाळी ८.०५

मला नकाशावेडांचा मुद्दा अर्धाच पटतो. आदेशात लिहिलं नव्हतं म्हणजे मनात नव्हतं असं होत नाही. राजधानी पडल्याशिवाय कुठलं सरकार शरण येतं? जेकब यांनी जे लिहिलं ते त्यांच्या बाजूने लिहिलं, माणेकशॉ आणि पूर्व विभागाचे प्रमुख जनरल अरोरा यांना उत्तर द्यायची संधी त्या पानावर नव्हती. युद्ध जिंकल्यावर प्रत्येकाला वाटतं की कल्पना आपली. आणि तुम्हीच म्हणता नद्या आडव्या होत्या, मग डिसेंबरच्या आधी कुठला शहाणा माणूस लिहून देईल की मी तीन नद्या ओलांडून दोन आठवड्यांत ढाक्याला पोचतो? शक्य दिसेल तेवढंच कागदावर लिहितात, पुढचं मैदानात बघतात. याला प्लॅन मोडला म्हणत नाहीत, प्लॅन असाच असतो.

दुसरं, वायव्येच्या सीमेवरच्या हिलीचं काय? तिथे आपण शेजारून गेलो नाही. नोव्हेंबरच्या शेवटी थेट समोरून धडकलो, पक्क्या बंकरांवर, दलदलीतून, आणि पोरं पडली. ११ डिसेंबरपर्यंत ते ठाणं पूर्ण हाती आलं नाही. सगळीकडे बगल देऊन पुढे गेलो हे चित्र जरा जास्तच स्वच्छ आहे.

नकाशावेडा (दादर), सकाळी ९.२०

ट्रेनमधून लिहितोय, कुर्ल्याच्या पुढे उभा आहे, चुका दुरुस्त करून वाचा.

ढग, हिलीबद्दल तुम्ही बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. पण हिलीच माझ्या बाजूची साक्ष आहे असं मला वाटतं. तिथे समोरून डोकं आपटलं आणि अडकलो. मग ३४० ब्रिगेड शेजारून पीरगंजकडे काढली, त्यांनी रंगपूर-बोगरा रस्ताच कापला आणि तिथून त्या अख्ख्या भागाचा पाकिस्तानी बचाव सैल पडला. एकाच कोअरमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी बघायला मिळतात, एक रक्त मागते, दुसरी रस्ता.

जेसोर बघा. एवढा तटबंद बालेकिल्ला, महिनाभर लढेल असं म्हणत होते. ७ डिसेंबरला आपले आत गेले तर रिकामा, फौज आधीच निघून गेलेली, तीही ढाक्याकडे न जाता बरीचशी खुलन्याकडे. म्हणजे नियाझींचे बालेकिल्ले एकमेकांना मदत करू शकत नव्हते, आणि मागे सरकून ढाक्याभोवती उभंही राहू शकत नव्हते, कारण मागे नदी, नदीवर बोटी नाहीत, आणि वर आपली विमानं. तेजगावच्या धावपट्टीवर मिग-२१ नी असे खड्डे पाडले की ७ तारखेपर्यंत पूर्वेकडचं त्यांचं एकुलतं एक सेबर स्क्वाड्रन जमिनीवर बसलं. आकाश आपलं झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता सगतसिंग. यांच्याबद्दल मला किती लिहू असं होतं. ६१ ला गोव्यात ५० पॅरा ब्रिगेड घेऊन पणजीला पोचले तेच हे. ७१ ला त्यांचं काम होतं मेघनेच्या पूर्वेचा प्रदेश घेण्याचं. मेघना ओलांडायचा आदेश नव्हता. ९ डिसेंबरला आशुगंजचा रेल्वे पूल पाकिस्तान्यांनी उडवला आणि पलीकडे भैरब बाजारला त्यांची १४ वी डिव्हिजन खंदक खणून बसली, की आता भारतीय इथेच येणार, पूल दुरुस्त करणार, आपण मारणार.

सगतसिंग तिथे गेलेच नाहीत. त्याच दिवशी दुपारपासून एमआय-४ हेलिकॉप्टरनी ४ गार्ड्सचे जवान मेघनेपलीकडे रायपुराला उतरवायला सुरुवात केली. रात्रीही फेऱ्या चालू, खाली टॉर्च लावून जागा दाखवायची. हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. बाकी सैन्य होड्यांनी. पीटी-७६ रणगाडे तरंगणारे, पण एवढं रुंद पाणी कापताना इंजिनं तापायची, मग होड्यांनी ओढून नेले. पलीकडे तोफा न्यायला लोकांनी सायकलरिक्षा दिल्या, खांदे दिले. आणि भैरब बाजारची ती डिव्हिजन? समोर थोडी फौज ठेवून तिला तिथेच बसवून ठेवलं. ती शेवटपर्यंत खंदकातच बसून राहिली आणि युद्ध तिच्या बाजूने निघून गेलं.

अरोरांनी विचारणा केली तेव्हा सगतसिंग मागे हटले नाहीत. हा निर्णय चुकला असता तर नदीपलीकडे काही बटालियन मागे नदी आणि पुढे ढाक्याची फौज अशा कात्रीत सापडल्या असत्या आणि त्यांचं कोर्ट मार्शल झालं असतं. ढग म्हणतात पुढचं मैदानात बघतात. हो, पण मैदानात बघणारा माणूस लागतो. शेजारच्या कोअरला तो दिसला नाही. म्हणून याला मी नुसतं "प्लॅन असाच असतो" म्हणू शकत नाही.

मी_वाशीकर, सकाळी १०.००

म्हणजे हा सरळ सरळ गनिमी कावा झाला! महाराजांची युद्धनीती!

खुलना_ते_कुर्ला, दुपारी १.३०

वाशीकर, भावना समजली पण तुलना नीट करूया. गनिमी कावा ७१ ला झाला, पण तो केला मुक्तिवाहिनीने, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांनी. मी बारा वर्षं कोलकात्यात होतो, बंगाली बोलतो-वाचतो, तिकडच्या बऱ्याच लोकांशी बोललोय, आणि आपल्याकडच्या चर्चेत ही माणसं नेहमी तळटीप होतात याचा मला मनापासून त्रास होतो.

त्यांनी देशाचे ११ सेक्टर पाडून नऊ महिने लढाई केली. पूल उडवले, रेल्वे तोडली, एकटीदुकटी ठाणी कापली. १५ ऑगस्टच्या रात्री त्यांच्या पाणबुड्या पोरांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी जहाजांना सुरुंग लावले. पोटाला सुरुंग बांधून पोहत गेले होते. डिसेंबर उजाडला तेव्हा पाकिस्तानी फौज दमलेली, रात्री छावणीबाहेर पडायला घाबरणारी, आणि कुठल्या गावात कोण किती आहे याची इत्थंभूत बातमी आपल्याला रोज येत होती. बालेकिल्ल्याच्या शेजारून जायची वाट कोण दाखवत होतं? नकाशावेडांनी सायकलरिक्षा लिहिल्या, त्या कोणाच्या होत्या?

परक्या मुलुखात फौज शिरते तेव्हा तिथली माणसं तिच्या बाजूची आहेत की नाहीत, यावर बाकी सगळं टेकलेलं असतं. रसदीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. तो मुद्दा नकाशावर दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

माहीमची_मी, दुपारी ३.४५

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. माझे वडील १ मराठात होते, म्हणजे मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण. सातारा जिल्ह्यातले आम्ही, रिटायर झाल्यावर बाबा मुंबईत आले, आता ऐकू कमी येतं पण डोकं साफ आहे. ही पलटण १७६८ साली मुंबईतच उभी राहिली हे मला त्यांनीच सांगितलं, इथल्या फार लोकांना ते माहीत नसतं.

नकाशावेडांनी उत्तरेच्या वाटेबद्दल लिहिलं म्हणून राहवलं नाही. ती वाट मोकळी होती असं वाचताना वाटतं, पण तिच्या तोंडाशीच कमालपूर होतं. तिथे पाकिस्तानच्या कॅप्टन अहसान मलिकने मूठभर लोकांना घेऊन २१ दिवस ठाणं धरलं आणि ४ डिसेंबरला शरण आला. माणेकशॉंनी त्याचं कौतुक केलं. बाबापण अजून करतात, म्हणतात शिपाई होता तो. त्याच सुमारास त्या उत्तरेच्या फौजेचे प्रमुख जनरल गिल सुरुंगावर जीप जाऊन जखमी झाले आणि त्यांच्या जागी जनरल नागरा आले.

जामालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण तटबंदी करून बसलेली. आमच्या लोकांनी समोरून हल्ला केला नाही. नदी बाजूने ओलांडून शहराच्या दक्षिणेला जाऊन बसले, म्हणजे शत्रू आणि ढाका यांच्या मधोमध. कर्नल ब्रार कमांडिंग ऑफिसर. बाबा सांगतात, सगळ्यात विचित्र काय वाटायचं तर आपण शत्रूच्या मुलुखात शत्रूच्या मागे बसलोय आणि आपल्या मागेही शत्रूच. मग आमचे ब्रिगेडियर क्लेर यांनी बलुचचा कर्नल सुलतान अहमद याला चिठ्ठी पाठवली, की तुम्ही वेढले गेलात, शरण या. एका वयस्क गावकऱ्याच्या हाती. त्याचं उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीला गुंडाळून, की पेन ठेवा आणि स्टेनगन घेऊन या.

१० तारखेच्या रात्री बलुचवाले वेढा फोडायला निघाले ते सरळ मराठ्यांच्या खंदकांवर आले. ती रात्र बाबा फार सांगत नाहीत. पहाटे रस्त्यावर काय दिसलं तेही सांगत नाहीत. एवढंच म्हणतात की त्यांच्यातली पोरंपण आमच्याच वयाची होती.

११ ला जामालपूर पडलं आणि त्याच संध्याकाळी टांगाइलजवळ आपली २ पॅरा ही पलटण विमानातून छत्र्यांनी उतरली. नकाशावेडा, हे तुम्हाला आवडेल, २ पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठाच, अजून नावापुढे कंसात मराठा लावतात. त्यांनी पूंगलीचा पूल धरला, म्हणजे जामालपूर-मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडचा रस्ताच कापला. दुसऱ्या दिवशी जंगी पलटण त्यांना जाऊन मिळाली. त्या परक्या देशातल्या पुलावर दोन मराठा पलटणी भेटल्या तेव्हा काय आरोळी उठली असेल ते इथे कोणाला सांगायला नको.

नकाशावेडा (दादर), संध्याकाळी ७.१०

ताई, काय लिहिलंत. दोनदा वाचलं.

टांगाइलचं एक जोडतो. उतरली होती एक बटालियन, पण जगभर बातमी गेली की अख्खी ब्रिगेड उतरली. सिलहटला ७ तारखेला ४/५ गोरखा ही पलटण हेलिकॉप्टरने उतरवली तेव्हाही तेच, होते थोडे आणि बातमी मोठी, आणि पाकिस्तान्यांनी ती खरी धरली. ढाक्यात बसून नियाझींना दिसत होतं की पूर्वेकडून मेघना ओलांडली, उत्तरेकडून छत्र्या पडल्या, आपले बालेकिल्ले अजून उभे आहेत पण आपल्या कामाचे नाहीत. १४ तारखेला मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसच्या छपरावर मारा केला आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी तिथेच राजीनामा लिहिला.

पावसाळी_ढग, रात्री ९.००

ताईंचा प्रतिसाद वाचून माझा सूर बदललाय हे मान्य करतो. पण एक अवघड प्रश्न राहतोच. जेकब यांच्या म्हणण्याप्रमाणे १३ डिसेंबरला दिल्लीहून आदेश आला की जी शहरं मागे टाकलीत ती आता परत जाऊन घ्या. लोक हे वाचून दिल्लीला नावं ठेवतात. पण दिल्लीच्या जागेवर बसून बघा. ७ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा ठराव झालेला. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत व्हेटो एकामागून एक, पण ते किती दिवस देत राहतील? अमेरिकेचं विमानवाहू जहाज एंटरप्राइज बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. उद्या युद्धबंदी लादली गेली आणि ढाका पडलं नाही, तर हातात काय? निदान शहरं तरी असावीत. मला तो आदेश घाबरटपणाचा वाटत नाही, तो दुसऱ्या घड्याळावर चालणाऱ्या माणसांचा आदेश वाटतो.

नकाशावेडा (दादर), रात्री ९.४०

घड्याळाची गोष्ट पटली, मी तसा विचार केला नव्हता. पण त्याच घड्याळाने बघितलं तरी उत्तर ढाका हेच येतं ना? मागची दहा शहरं एकेक करून घ्यायला जे दिवस गेले असते तेच दिवस नव्हते. युद्धबंदीच्या आधी सगळं संपवायचं असेल तर जिथे सही करणारा माणूस बसलाय तिथेच जायला हवं. १६ तारखेला सकाळी नागरा ढाक्याच्या वेशीवरच्या मीरपूरच्या पुलापाशी पोचले, तिथून त्यांनी नियाझींना निरोप पाठवला, जेकब शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्याला गेले, संध्याकाळी ढाक्याच्या रेसकोर्सवर सही. कैदी सुमारे ९३,०००. आणि ज्या सैन्याने वेढा घातला ते ढाक्यातल्या फौजेपेक्षा पुष्कळ कमी होतं, जेकब आपले ३,००० आणि त्यांचे २६,४०० असा आकडा देतात.

खुलना_ते_कुर्ला, रात्री १०.०५

आणि परतणं विसरू नका, तोही मोहिमेचाच भाग. १२ मार्च १९७२ ला ढाक्यात निरोपाचं संचलन झालं आणि आपली फौज निघून आली, सहीनंतर तीन महिन्यांच्या आत. दुसऱ्याच्या देशात शिरलेल्या किती फौजा इतक्या लवकर स्वतःहून घरी आल्या सांगा. राहिली असती तर जी माणसं सायकलरिक्षा घेऊन धावली तीच वर्षभरात दगड घेऊन उभी राहिली असती.

डॉकयार्डवाला, रात्री १०.३०

हे शंभर टक्के.

माहीमच्या ताई, शक्य असेल तर बाबांना एक विचाराल का, की त्यांना स्वतःला, पलटणीतल्या साध्या जवानाला, ढाक्याला जायचंय हे कधी कळलं? धाग्याचा प्रश्न तोच आहे, आणि आपण सगळे जनरल लोकांनाच विचारत बसलोय.

माहीमची_मी, दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.२०

विचारलं. कानाजवळ मोठ्याने तीनदा विचारावं लागलं.

म्हणाले, आम्हाला जामालपूर सांगितलं होतं. जामालपूर झाल्यावर टांगाइल सांगितलं. ढाक्याचं नाव कोणी काढलं नाही. पूंगलीच्या पुढे चालताना रस्त्याच्या कडेला एक मैलाचा दगड होता, त्याच्यावर बंगालीत काहीतरी लिहिलेलं, आम्हाला कोणाला वाचता येईना, आकडेसुद्धा वेगळे. बरोबर मुक्तिवाहिनीचं एक पोरगं होतं सोळा-सतरा वर्षांचं, त्याने वाचून दाखवलं. ढाका म्हणाला, आणि तिथेच रस्त्यावर बसून रडायला लागला. त्याचं घर तिकडे होतं. मग आमच्या हवालदाराने त्याला उठवलं आणि त्याची रायफल स्वतःच्या खांद्यावर घेतली.